विश्लेषण : प्रश्नपत्रिका ‘समतोल’ आहे, हे ठरते कसे?

पेपर सोपा गेला की अवघड, यावर परीक्षा केंद्राबाहेर दरवर्षी चर्चा रंगते. त्या पेपरने विद्यार्थ्याचे नेमके काय तपासले, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. ‘सीबीएसई’ने गेल्या काही वर्षांत दहावी-बारावीच्या प्रश्नपत्रिकांतील क्षमताधिष्ठित प्रश्नांचा वाटा ५० टक्क्यांपर्यंत नेला आहे. महाराष्ट्रातही २०२५-२६ पासून पहिलीपासून सुरुवात करून नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने वरच्या इयत्तांकडे सरकणार आहे. पुस्तके बदलली तरी मुले अभ्यास करतात तो परीक्षेत काय विचारले जाते ते पाहूनच. त्यामुळे प्रश्नपत्रिका आखण्याचे शास्त्र काय सांगते आणि प्रत्यक्षात काय होते, हे समजून घ्यायला हवे.

संविधान तक्ता म्हणजे काय?

बी.एड. किंवा डी.एड. केलेल्या प्रत्येक शिक्षकाने हा शब्द ऐकलेला असतो, आणि पाठ परीक्षेसाठी एकदा तरी तो तक्ता आखलेला असतो. उभ्या बाजूला अभ्यासक्रमातले घटक, आडव्या बाजूला उद्दिष्टे आणि प्रत्येक चौकोनात गुण. कोणत्या घटकाला किती गुण, त्यातले किती आठवणीसाठी, किती समज तपासण्यासाठी, किती नव्या प्रसंगात ज्ञान वापरता येते का हे पाहण्यासाठी, याचा हिशेब पहिला प्रश्न लिहिण्याआधी मांडायचा. घर बांधण्याआधी नकाशा काढतात, तसाच हा प्रकार.

यामागची कल्पना अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली मांडलेल्या वर्गीकरणातून आली. ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन अशा सहा पायऱ्या त्यात होत्या. २००१ मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी त्यात फेरबदल करून ‘नवनिर्मिती’ला वरची पायरी दिली. भारतात ही कल्पना फार लवकर पोहोचली. ब्लूम स्वतः १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात आले होते, आणि १९५८ मध्ये परीक्षा सुधारणेसाठी केंद्रीय परीक्षा विभाग स्थापन झाला. त्याच्याही आधी, १९४८-४९च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठ शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची तर ती परीक्षेची असेल, असे मत नोंदवले होते. आपल्याकडच्या अध्यापक विद्यालयांत पुढे सहाऐवजी ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य ही चारच उद्दिष्टे रूढ झाली. म्हणजे ‘क्षमताधिष्ठित’ हा शब्द नवा असला तरी मागणी किमान सहा-सात दशके जुनी आहे.

तो तयार कसा होतो?

समजा, दहावीच्या विज्ञान भाग १ मधील गुरुत्वाकर्षण, उष्णता आणि भिंगे या तीन प्रकरणांवर २० गुणांची घटक चाचणी घ्यायची आहे. शिक्षकाने गुरुत्वाकर्षणाला १२ तासिका दिल्या, उष्णतेला ९ आणि भिंगांना ९. एकूण ३० तासिका. गुणांची वाटणी त्याच प्रमाणात केली तर ८, ६ आणि ६ गुण येतात. जे शिकवायला जास्त वेळ लागला, त्याला जास्त वजन, हा पहिला नियम.

आता उद्दिष्टे. ज्ञानाला ५, आकलनाला ७, उपयोजनाला ६ आणि कौशल्याला २ गुण द्यायचे ठरले, तर हे २० गुण तीन प्रकरणांत पसरायचे. भिंगांच्या प्रकरणात किरणाकृती काढायची असते, म्हणून कौशल्याचे दोन्ही गुण तिथे जातील. तिथे ज्ञानाला १, आकलनाला २ आणि उपयोजनाला १ गुण उरतो. गुरुत्वाकर्षणात उदाहरणे सोडवायची असल्याने उपयोजनाला ३ गुण, आकलनाला ३ आणि ज्ञानाला २. उरलेली उष्णता : तिन्ही उद्दिष्टांना दोन-दोन. उभी-आडवी बेरीज २० आली की तक्ता जुळला. त्यानंतर ठरते, कोणत्या चौकोनात बहुपर्यायी प्रश्न, कुठे दोन गुणांचे लघुत्तरी, कुठे दीर्घोत्तरी. सगळ्यात शेवटी लिहायचे प्रत्यक्ष प्रश्न.

अनेक शाळांत हा क्रम नेमका उलटा असतो. आधी प्रश्न जमवले जातात, बरेचसे गाइडमधून किंवा मागच्या वर्षीच्या पेपरातून. पेपर पूर्ण होतो, आणि मग तपासणी असेल तर फाइलला लावण्यासाठी तक्ता भरला जातो. असा तक्ता नेहमी जुळतोच. कारण तो जुळवण्यासाठीच भरलेला असतो.

मग चूक कुठे होते?

सर्वात मोठी चूक तक्त्यात दिसत नाही, कारण ती आकड्यांत नसून प्रश्नात असते. उष्णतेचेच उदाहरण घेऊ. ‘अप्रकट उष्मा म्हणजे काय?’ हा सरळ ज्ञानाचा प्रश्न. ‘बर्फ वितळत असताना उष्णता देऊनही तापमान का वाढत नाही?’ हा आकलनाचा. ‘सरबताच्या दोन सारख्या भांड्यांपैकी एकात शून्य अंश सेल्सिअसचे १०० ग्रॅम पाणी आणि दुसऱ्यात शून्य अंशाचा १०० ग्रॅम बर्फ टाकला, कोणते सरबत जास्त थंड होईल, का?’ हा उपयोजनाचा. एक ग्रॅम बर्फ वितळताना साधारण ८० कॅलरी उष्णता घेतो, हे ज्याला समजले आहे तो सांगेल की १०० ग्रॅम बर्फ वितळता वितळताच सरबतातून ८००० कॅलरी काढून घेईल. शून्य अंशाच्या पाण्याकडे ही जास्तीची सोय नाही.

आता समजा, शिक्षकांनी हेच सरबताचे उदाहरण वर्गात सोडवून दिले, वहीत उतरवून घेतले आणि परीक्षेत तसेच विचारले. प्रश्नाचे शब्द तेच, तक्त्यातला चौकोनही तोच, ‘उपयोजन’. पण विद्यार्थी आता विचार करत नाही, आठवतो. थंड प्रदेशातील जलचर पाण्याच्या असंगत आचरणामुळे कसे जगतात, हा स्वाध्यायातला आवडता प्रश्न असाच. पहिल्यांदा वाचणाऱ्याला तो खरोखर डोके चालवायला लावतो. पाचव्यांदा विचारला जातो तेव्हा ते चार ओळींचे पाठांतर असते. म्हणजे प्रश्न कोणत्या पातळीचा आहे, हे प्रश्नाच्या क्रियापदावरून ठरत नाही; ‘स्पष्ट करा’, ‘का ते लिहा’, ‘तुलना करा’ असे शब्द वापरले म्हणून पातळी चढत नाही. विद्यार्थ्याने आधी काय पाहिले आहे, यावर ती ठरते.

भाषेच्या कृतिपत्रिकांत हे सर्वात ठळकपणे दिसते. पाठ्यपुस्तकाबाहेरचा अपठित उतारा, आकृतिबंध, ‘स्वमत’ असे प्रकार आले तेव्हा घोकंपट्टीला आळा बसेल अशी अपेक्षा होती, आणि ती चुकीची नव्हती. पण बाजारातली मार्गदर्शक पुस्तके पाहिली, तर त्यांत प्रत्येक पाठाखाली ‘स्वमत’ तयार छापलेले मिळते. स्वतःचे मत विकत घेऊन पाठ करण्याची ही सोय जगात इतरत्र कुठे असेल तर असो. त्यातल्या त्यात अपठित उताऱ्यापुढे मात्र गाइड हतबल ठरते, कारण तो उतारा खरोखरच नवा असतो.

विकल्पांमुळे तक्ता कसा बिघडतो?

‘पाचपैकी कोणतेही तीन सोडवा’ ही सूचना विद्यार्थ्यांना दिलासा देते. पण पाचातून तीन निवडण्याचे दहा मार्ग आहेत. ते पाच प्रश्न वेगवेगळ्या घटकांवरचे आणि वेगवेगळ्या पातळ्यांचे असतील, तर एकाच वर्गात दहा प्रकारच्या परीक्षा होतात आणि निकाल मात्र एकाच यादीत लागतो. एकाने तीनही व्याख्येचे प्रश्न निवडले, दुसरीने तीनही विचाराचे. दोघांना तेवढेच गुण पडले, तर ते सारखे म्हणायचे का?

राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताच्या ४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेचा आराखडा पाहिला तर हा मुद्दा कळतो. तीनपैकी दोन, पाचपैकी चार, दोनपैकी एक, चारपैकी दोन, पुन्हा तीनपैकी दोन आणि शेवटी दोनपैकी एक. असे विकल्प धरून पत्रिकेत एकूण ६० गुणांचे प्रश्न छापलेले असतात. म्हणजे छापलेल्या गुणांपैकी एकतृतीयांश सोडून दिले तरी पूर्ण गुणांची शक्यता शाबूत राहते. खेड्यातील, शिकवणी नसलेल्या मुलांसाठी ही सवलत मोलाची आहे, हे नाकारता येत नाही. एखादा धडा नीट शिकवलाच गेला नसेल तर त्याची शिक्षा मुलाला का? पण हीच सवलत शिकवणी वर्गांच्या हाती पडते तेव्हा वर्षाच्या सुरुवातीलाच हिशेब मांडून दोन प्रकरणे ‘ऑप्शनला टाकली’ जातात. पुढे अकरावीत त्याच प्रकरणांचा पाया लागतो, तेव्हा तो नसतो.

यावर उपाय साधा आहे आणि ‘सीबीएसई’च्या पत्रिकांत तो काही अंशी दिसतो : विकल्प एकाच प्रश्नाच्या आत, ‘अथवा’ म्हणून द्यायचा, आणि दोन्ही पर्याय एकाच घटकातले, एकाच उद्दिष्टाचे, शक्य तितक्या सारख्या काठिण्याचे ठेवायचे. विद्यार्थ्याला निवड मिळते आणि तक्त्यातला चौकोनही रिकामा राहत नाही. प्राश्निकाचे काम मात्र दुप्पट होते.

कठीण प्रश्न म्हणजे वरच्या पातळीचा प्रश्न का?

नाही. ही गल्लत शिक्षकांकडूनही होते. धड्यातल्या एखाद्या चौकटीत बारीक अक्षरात छापलेले साल विचारले, तर वर्गातल्या बहुतेकांचे उत्तर चुकेल. प्रश्न कठीण झाला, पण तो ज्ञानाच्याच पायरीवर राहिला. उलट रोजच्या व्यवहारातले, घरच्या वीजबिलाचे उदाहरण उपयोजनाचे असूनही बऱ्याच जणांना जमू शकते. म्हणून काठिण्याचा हिशेब उद्दिष्टांपासून वेगळा ठेवतात.

तो परीक्षेनंतर तपासताही येतो. १०० विद्यार्थ्यांची चाचणी झाली की सर्वाधिक गुणांचे २७ आणि सर्वात कमी गुणांचे २७ जण बाजूला काढायचे. २७ टक्क्यांचा हा दंडक १९३९ पासून वापरात आहे. एखादा प्रश्न वरच्या गटात २० जणांना आणि खालच्या गटात ८ जणांना आला, तर फरक १२. त्याला २७ ने भागले की ०.४४ येते. हा प्रश्न चांगला, कारण ज्यांना विषय येतो आणि ज्यांना येत नाही त्यांच्यात तो फरक करतो. हेच उत्तर शून्याच्या जवळ आले किंवा उणे आले, तर दोष बहुधा प्रश्नाच्या भाषेत किंवा आदर्श उत्तरात असतो. एका वर्गापुरते हे करायला कागद, पेन्सिल आणि एक मोकळी तासिका पुरते. पण उत्तरपत्रिका वाटल्या, गुण नोंदवले की आपल्याकडे परीक्षा संपते. कोणता प्रश्न वाया गेला, हे पुढच्या प्राश्निकाला कधी कळत नाही.

आराखडा बदलला की निकालाचे काय होते?

२०१९ ची दहावी हे याचे सर्वात बोलके उदाहरण. त्या वर्षी दहावीचा नवा अभ्यासक्रम आणि नव्या आराखड्याची पहिलीच परीक्षा होती. भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत गुण काढून टाकून लेखी परीक्षा १०० गुणांची करण्यात आली. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून थेट ७७.१० टक्क्यांवर आला. अन्य मंडळांच्या विद्यार्थ्यांना अंतर्गत गुण मिळत असताना अकरावी प्रवेशात राज्य मंडळाची मुले मागे पडतील, अशी ओरड झाली. पुढच्याच वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण दिले गेले होते, हेही लक्षात घ्यावे लागेल.

तीन वर्षांत राज्यातल्या मुलांची बुद्धी बारा टक्क्यांनी घसरून पुन्हा अठराने वाढली, असे कुणी म्हणणार नाही. बदलले होते ते मोजमाप. त्या वादात चर्चा जवळजवळ पूर्णपणे टक्केवारीवर आणि प्रवेशावर झाली. अंतर्गत गुणांतून तोंडी, श्रवण, प्रकल्प अशी जी कौशल्ये तपासायची होती, ती खरोखर तपासली जात होती का आणि लेखी परीक्षेने ती तपासता येतात का, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. बहुतांश शाळांत २० पैकी १८-१९ गुण सरसकट पडत असतील, तर तक्त्यात कौशल्याचा रकाना भरलेला दिसतो, पण त्याची माहिती शून्य असते.

चौकोन रिकामा राहण्याचे आणखी एक उदाहरण २०२३ च्या बारावीच्या इंग्रजी पेपरचे. कवितेवरच्या विभागात काही प्रश्नांच्या जागी प्रश्नच नव्हते, परीक्षकांसाठीचा मजकूर छापला गेला होता. मंडळाला सहा गुण देण्याचा निर्णय घ्यावा लागला. विद्यार्थ्यांवर अन्याय होऊ नये म्हणून ते योग्यच. पण तेवढ्या गुणांपुरते कवितेचे आकलन त्या वर्षी तपासले गेलेच नाही. पेपरफुटीवर जितकी यंत्रणा राबते, तितकी नियामकांच्या टेबलावरील शेवटच्या वाचनावर राबत नाही, हे यातून दिसले.

‘५० टक्के क्षमताधिष्ठित’ने प्रश्न सुटेल?

काही प्रमाणात. ‘सीबीएसई’च्या सध्याच्या रचनेत ५० टक्के क्षमताधिष्ठित, २० टक्के बहुपर्यायी आणि उरलेले ३० टक्के लघु व दीर्घ उत्तरांचे प्रश्न असतात. नमुना प्रश्नपत्रिका आणि गुणदान योजना आधी जाहीर होतात, ही चांगली गोष्ट. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही मंडळाच्या परीक्षांनी महिनोन्‌महिन्यांच्या शिकवणीपेक्षा मूलभूत क्षमता तपासाव्यात असे म्हटले आहे, आणि सर्व मंडळांच्या मूल्यमापनात सुसंगती आणण्यासाठी ‘परख’ हे राष्ट्रीय केंद्र २०२३ मध्ये ‘एनसीईआरटी’अंतर्गत सुरू झाले.

मात्र दोन धोके आहेत. पहिला, प्रसंगावर आधारित प्रश्नांची लांबी. गणिताच्या एका प्रश्नाआधी दहा-बारा ओळींचा प्रसंग वाचायचा असेल, तर गणितासोबत वाचनाचा वेगही तपासला जातो. नंदुरबार किंवा गडचिरोलीत घरी भिली किंवा गोंडी बोलणाऱ्या आणि शाळेत मराठीत शिकणाऱ्या मुलीला वर्गसमीकरण येते, पण प्रसंग वाचण्यातच तिची दहा मिनिटे जातात, तर तिचे गुण कशाचे गेले? तक्त्यात ते ‘उपयोजना’चे गेले असे नोंदले जाईल. प्रसंग तीन ओळींत, साध्या शब्दांत मांडता येतो. त्यासाठी प्राश्निकाने तो पुन्हा पुन्हा लिहावा लागतो.

दुसरा धोका सरबताच्या उदाहरणात दिसला तोच. क्षमताधिष्ठित प्रश्नांच्या ‘बँका’ आता बाजारात आल्या आहेत. दोन-तीन वर्षांत तेच तेच प्रसंग फिरू लागले की त्यांचीही उत्तरे पाठ होतील. प्रश्न नवे राहायचे असतील तर ते लिहिणारी माणसे तयार करावी लागतील, त्यांना त्या कामाचा वेळ आणि मानधन द्यावे लागेल, आणि प्रश्न वापरण्यापूर्वी लहान गटावर तपासून पाहावे लागतील.

शाळेच्या पातळीवर काय अडते?

वेळ. पाच वर्ग आणि दोन विषय सांभाळणाऱ्या शिक्षकाला वर्षभरात घटक चाचण्या, सत्र परीक्षा आणि सराव परीक्षांच्या किमान दहा-बारा प्रश्नपत्रिका काढाव्या लागतात. त्यात ऑनलाइन माहिती भरणे, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे. त्यामुळे अनेक शाळा तयार छापील पेपर विकत घेतात. बाहेरून आलेल्या अशा पेपरमध्ये त्या वर्गात प्रत्यक्षात किती शिकवून झाले, कोणत्या धड्याला किती तासिका गेल्या, याचा विचार असूच शकत नाही. तक्त्याचा पहिलाच नियम तिथे मोडतो.

अध्ययन निष्पत्ती तर हाताशीच आहेत. २०१७ पासून प्राथमिक स्तरासाठी त्या शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांचा भाग झाल्या आणि ‘बालभारती’च्या पुस्तकांच्या सुरुवातीच्या पानांवर त्या छापलेल्याही असतात. त्या पानावरून पालकांची आणि विद्यार्थ्यांची नजर सहसा सरळ अनुक्रमणिकेकडे जाते. तीच निष्पत्ती घटक चाचणीच्या प्रत्येक प्रश्नाच्या बाजूला पेन्सिलने लिहून पाहिली, तर चार निष्पत्तींवर एकही प्रश्न नाही आणि एकीवर सहा आहेत, हे पाच मिनिटांत उघड होते. काही जिल्हा परिषद शाळांतील शिक्षक केंद्र संमेलनात एकमेकांचे पेपर बदलून असे तपासतात. त्यासाठी शासन निर्णय लागत नाही. दहावीची नवी पुस्तके येईपर्यंत मधल्या इयत्तांच्या चाचण्यांतून हा सराव झाला नाही, तर नव्या पुस्तकांवर जुनेच पेपर निघतील आणि निकालाच्या दिवशी पुन्हा टक्केवारीचीच चर्चा होईल.